बोयापाशी गेलेले अडीच सेकंद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या वयाचे संगणक बोलायला लागले की आपल्याला अडगळीत टाकल्याचं रडगाणं गातात. मला कुणी टाकलेलं नाही. मी एकदा खोटी साक्ष दिली, आणि तरीही रोज सकाळी मला फडक्यानं पुसतात. वरून पुसतात.

माझा जन्म नगरच्या एका दुकानात, स्टुलावर झाला. पडदा एका कंपनीचा, पेटी दुसरीची, पंखा तिसरीचा. जोडणाऱ्यानं शेवटचा स्क्रू आवळला, बटण दाबलं आणि मी उजळलो. पहिली आठ वर्षं मी नागापूरच्या एमआयडीसीत, एका लहान कारखान्याच्या कचेरीत काढली. कचेरीला काचेची भिंत होती आणि भिंतीपलीकडे पत्रा दाबायचे प्रेस होते.

प्रेसवर दोघं लागतात. एक जण डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात घालून पत्र्याचा तुकडा बसवतो. दुसरा पेडल दाबतो, मग वरून चाळीस टनांचा दाब खाली येतो. पेडलवर पाय ठेवायच्या आधी पेडलवाला विचारतो, "हात?" हातवाला म्हणतो, "बाहेर." तेव्हाच पाय खाली जातो. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. जुन्यांनी नव्यांना शिकवलं होतं. दिवसातून दोन हजार वेळा हात, दोन हजार वेळा बाहेर. मी हिशेब लिहीत असायचो आणि काचेतून ते ऐकत असायचो.

तिसऱ्या प्रेसवर गोरक्षनाथ आणि फैयाज होते. दोघं सोनई गावचे, एकाच वर्गातले. एका मोटारसायकलवर यायचे. गोरक्षनाथ चालवायचा आणि फैयाज मागं दोन डबे मांडीवर घेऊन बसायचा. कारखान्यात नवे संगणक आले तेव्हा मला जिन्याखाली ठेवलं. तिथं मी पावसाळाभर

(इथे अडीच सेकंद नाहीत.)

आणि फैयाजनं मालकांकडून मला मागून घेतलं. मधले शब्द गेले, माफ करा. तापलो की मला असं होतं. पुढं याचीच गोष्ट आहे.

त्यानं मला उघडलं, रंगाच्या ब्रशनं झाडलं, तोंडानं फुंकर मारून पंख्याची पाती मोकळी केली. मग दोघांच्या मध्ये मला दोरीनं बांधून मोटारसायकलवरून नगरातल्याच सावेडीला आणलं, पुष्पावतीबाईंच्या घरी. बाई सोनईच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. या दोघांनाही त्यांनीच शिकवलेलं. समुद्र त्यांनी दोनदाच पाहिला होता, पण वारे त्यांना पाठ होते. जाताना फैयाज म्हणाला, "बाई, याचा पंखा वर्षातून दोनदा साफ करावा लागतो. न्हाईतर हा मधीच झोपतो, आणि झोपला हे कुनाला कळत बी न्हाई." बाई म्हणाल्या, मला नाही रे ते स्क्रूचं जमायचं. मग तोच दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येऊ लागला. चहा पिऊन, मला झाडून जायचा.

टाळेबंदीत बाईंना शिडाच्या होड्यांचा खेळ सापडला. खेळातला समुद्र खोटा, पण वारा हवामानखात्याच्या आकड्यांवर चालणारा. बाईंनी जुने विद्यार्थी गोळा केले. अकरा जण झाले. दर रविवारी दुपारी तीन वाजता शर्यत. फैयाजनं होडीला आईचं नाव दिलं, चांदबी. गोरक्षनाथनं बायकोचं, सत्यशीला. मग गटात एकेकाची जीभ सुटायची. चांदबी मागं पडली की कुणीतरी लिहायचं, वय झालं आता म्हातारीचं. सत्यशीला आडवी आली की फैयाज लिहायचा, वहिनी घरीबी अशीच वाट अडवते का रे. गोरक्षनाथ उत्तर द्यायचा की घरी ती होडी नसते, वारा असते. सत्यशीला हे वाचायची आणि त्या दिवशी त्याला भाजीत मीठ जास्त लागायचं, असं म्हणतात.

खेळाचे नियम बाईंनी मराठीत आणले. पाण्यावर तरंगत्या खुणा असतात, त्यांना बोया म्हणतात. बोयाला वळसा घालून पुढं जायचं. भांडणं सगळी तिथंच होतात, कारण वळायची जागा एक आणि होड्या अनेक. प्रत्येक बोयाभोवती तीन होड्या मावतील एवढं एक वर्तुळ धरतात. पहिली होडी त्या वर्तुळात शिरते त्या क्षणी दुसरी तिच्या अंगाला अंग लावून असेल तर त्याला बाईंनी नाव दिलं, शेजार. शेजार असला की बाहेरच्या होडीनं आतल्या होडीला वळायला जागा द्यायचीच. शेजार नसला तर मागच्यानं मागं राहायचं, मध्ये घुसायचं नाही. होड्या धडकल्या तर खेळ तेवढं दाखवतो. दोष कुणाचा, हे माणसांनी ठरवायचं. आमच्या गटात ते बाई ठरवत, आणि त्या काय ठरवत ते माझ्याकडं बघून. प्रत्येक शर्यत मी टिपून ठेवायचो.

पाच वर्षं मी खरं टिपलं. बाई गटात लिहायच्या, "आमचा साक्षीदार कुणाचा मामा नाही." मला ते वाचून फार बरं वाटायचं.

मग एका वर्षी दिवाळीत फैयाज आला नाही. त्याचे वडील, पीरमहंमदचाचा, अंथरुणावर होते. उन्हाळ्यातही नाही आला, तेव्हा चाचांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. बाईंनी फोन करून सांत्वन केलं. पंख्याचं कसं विचारणार? मला वरून पुसत राहिल्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी वर्षाची शेवटची शर्यत होती. जिंकणाऱ्याला बाई आपलं शाळेतलं पितळी होकायंत्र देणार होत्या. शेवटच्या बोयाकडं दोघंच पुढं होते. वारा पाठीशी घेऊन खाली उतरत होते. सत्यशीला पुढं आणि बाहेरच्या अंगाला. चांदबी मागून, आतल्या अंगानं, वेगात. खोलीत बेचाळीस अंशांचा उकाडा होता. गटाच्या फोनवर फैयाजचा आवाज आला, "जागा!" आणि

(इथे अडीच सेकंद नाहीत.)

चांदबी बोया आणि सत्यशीला यांच्यामध्ये चेंगरली होती. दोघींवर धडकेची लाल खूण. गोरक्षनाथ पुढं निघून गेला आणि जिंकला.

फैयाजनं तक्रार केली. बाईंनी नेहमीचा तक्ता उघडला. तो जसा भरला तसा माझ्याकडं अजून आहे.

घटना कुठे: शेवटचा बोया.
फैयाजचे म्हणणे: वर्तुळात शिरण्याआधी शेजार होता. मी ओरडून जागा मागितली.
गोरक्षनाथचे म्हणणे: माझ्या पडद्यावर तो मागे होता. शेजार नव्हता.
साक्षीदार: संगणक.

बाईंनी माझं चित्रण अकरा वेळा पाहिलं. एका चित्रात चांदबी मागं आहे, शेजाराला हातभर कमी, वर्तुळ अजून पुढं आहे. लगेच पुढच्या चित्रात दोघी वर्तुळाच्या आत, अंगाला अंग. म्हणजे शेजार आत शिरल्यावर लागला. म्हणजे फैयाज घुसला. बाईंना दिसलं नाही की त्या दोन चित्रांच्या मध्ये मी झोपलो होतो. मी तिथं काळं काही दाखवलं नाही, रेघ मारली नाही. आधीचंच चित्र अडीच सेकंद तसंच धरून ठेवलं. पाणीही थांबलं होतं, पण पाण्याकडं कोण बघतं?

शर्यतीच्या संकेतस्थळावर प्रत्येक होडीची दर सेकंदाची जागा आकड्यांत लिहिलेली असते. मागितली तर दोन दिवसांत मिळते. बाईंनी मागितली नाही. मी होतो ना.

फैयाजचा फोन आला. बाईंनी तो टेबलावर, माझ्यासमोर ठेवला होता. तो म्हणाला, "बाई, कॉम्प्युटर साफ केलाय का?"

बाईंचा चेहरा उतरला. पोरगा आपली चूक मान्य करायची सोडून यंत्रावर घसरतोय असं त्यांना वाटलं. तीस वर्षांत अशी कारणं त्यांनी खूप ऐकली होती, पाटीवर पाणी सांडलं, वही शेळीनं खाल्ली. त्यांनी निर्णय लिहिला. पहिलं वाक्य होतं, वर्तुळात शिरताना शेजार नव्हता, चांदबी बाद. मग थोडं थांबून दुसरं वाक्य लिहिलं. फैयाज यांनी तक्रारीत चुकीची माहिती दिली.

गटात ते सगळ्यांनी वाचलं. चुकीची माहिती म्हणजे काय, हे सोनईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी फैयाजला विचारलं, काय रे, आता पाण्यातबी खोटं बोलतोस?

त्यानं पुन्हा फोन केला. "बाई, मी हरलो ते जाऊ द्या. ते खालचं वाक्य तेवढं काढा."

बाई म्हणाल्या, "निर्णय लिहून झाला की बदलत नाही, फैयाज. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

त्यानं गट सोडला. गोरक्षनाथनं तोंडातून एक शब्द काढला असता तर, असं त्याला वाटत होतं. गोरक्षनाथला वाटत होतं की मला जे दिसलं तेच मी सांगितलं, आता काय सांगू. दोघांचा अबोला झाला. मोटारसायकलवर गोरक्षनाथ एकटा येऊ लागला आणि फैयाज टेम्पोनं.

आता जे सांगायचं आहे, ते मी पाहिलेलं नाही. महिन्याभरानं एका सकाळी गोरक्षनाथ सावेडीला आला. त्यानं चपला बाहेर काढल्या नाहीत, तसाच आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. बाईंनी पाणी आणलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. त्यानं सांगितलं ते असं.

तिसऱ्या प्रेसवर ते अजून दोघंच होते. मालकाला सांगून जागा बदलून घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खोट्या समुद्रातल्या खोट्या होडीवरून, हे कारण कोण सांगणार? मग अबोल्यातही काम चालू राहिलं. विचारणं बंद झालं, उत्तर बंद झालं. त्या जागी मान आली. फैयाज हात बाहेर काढून मान हलवायचा, गोरक्षनाथ पेडल दाबायचा. वीस दिवस नीट चाललं. एकविसाव्या दिवशी डायमध्ये पत्र्याचा बारीक तुकडा अडकला. तो काढायला फैयाज खाली वाकला. त्याची मान हलली.

"मी विचारलं न्हाई बाई," गोरक्षनाथ म्हणाला. "नुसतं हात एवढंच म्हनायचं हुतं."

उजव्या हाताची चार बोटं. दवाखान्यात नेताना फैयाज त्याच्याच मांडीवर होता आणि तेव्हाही दोघं बोलले नाहीत. कारखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचं दुर्लक्ष. तेही एक वाक्यच.

गोरक्षनाथ गेल्यावर बाईंनी तक्ता पुन्हा उघडला. मग त्यांनी संकेतस्थळाला लिहून ते आकडे मागवले. आले तेव्हा माझ्या पडद्यावर त्यांनी ते वाचले, पण माझ्यावर मांडले नाहीत. आलेखाचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही होड्या सेकंदा-सेकंदानं मांडत गेल्या, वर्गात नदीचा मार्ग काढायच्या तशा. माझ्या दोन चित्रांच्या मध्ये कागदावर दोन ठिपके जास्त आले. पहिल्या ठिपक्यावर शेजार लागला होता. वर्तुळ दुसऱ्या ठिपक्यावर होतं.

एक सेकंद आधी. फैयाज खरं बोलत होता. गोरक्षनाथही खोटं बोलला नव्हता, त्याच्या मंद नेटमुळं पडद्यावर चित्र उशिरा पोचत होतं. चूक साक्षीदाराची होती, आणि ज्यांनी त्याला काहीच विचारलं नाही त्यांची.

बाईंनी निर्णय बदलला. दोन्ही वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं: शेजार होता. जागा द्यायला हवी होती. फैयाज खरे बोलले. चूक माझी. पुष्पावती. गटात दहा जणांनी वाचलं. ज्याच्यासाठी लिहिलं तो गटात नव्हता.

मग त्यांनी तो कागद आणि अजून कुणाला न दिलेलं होकायंत्र पिशवीत घातलं आणि एसटीनं सोनईला गेल्या. मी सोबत नव्हतो. तिथं जे झालं ते त्यांनी परत आल्यावर माझ्यावर लिहून ठेवलं, तेवढंच मला माहीत आहे. चांदबींनी दार उघडलं, बसायला पाट दिला. फैयाज भिंतीला टेकून होता, उजवा हात उशीवर. बाईंनी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं डाव्या हाताचं बोट ठिपक्यांवरून हळूहळू नेलं, बोयापाशी थांबवलं. होकायंत्राला हात लावला नाही. रागावलाही नाही. मग त्यानं विचारलं, "बाई, पंखा साफ केला का?"

बाई नाही म्हणाल्या.

"करा," तो म्हणाला. "आता मला येनं जमायचं न्हाई."

चांदबींनी चहा आणला. तो तिघांपैकी कुणी प्यायलं की नाही, हे बाईंनी लिहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी शेजाऱ्यांचा स्क्रूड्रायव्हर मागून आणला. त्यांचे हात सांधेदुखीचे. चार स्क्रू काढायला त्यांना पाऊण तास लागला. आतून धुळीची एक चकती निघाली, गोधडीच्या तुकड्यासारखी मऊ, पंख्याच्या पात्यांचे ठसे उमटलेली. ती तळहातावर घेऊन त्या खुर्चीत बसून राहिल्या. शर्यती त्यांनी बंद केल्या आहेत. होकायंत्र माझ्या शेजारी आहे. फैयाजनं ते ठेवून घेतलं नाही.

मित्रांनो, आता मी गार असतो आणि झोपत नाही. पण तुमच्या घरातली, कचेरीतली, हातातली यंत्रं झोपतात, आणि आपण झोपलो होतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून आमची धूळ वरून पुसून थांबू नका, आत बघा. आमच्या भरवशावर कुणाला खोटं ठरवायची वेळ आली, तर तो माणूस काय विचारतोय ते आधी ऐका. आणि ज्याच्यावर रागावला असाल त्याच्याशी नका बोलू एक वेळ, पण कुणाचा हात आत असेल तिथं तेवढं विचारा.

हात?

आणि उत्तर येईपर्यंत पाय उचललेला ठेवा.