एक्केचाळिसावं अक्षर

"सात, बाबा, तीन, सासू, दादा..."

"हळू वाच गं पोरी. सासूला एवढी कसली घाई?"

हे आमचे ठसेकाका. दवाखान्यात थेंबाथेंबानं औषध सोडणारे पंप आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. पंपात सॉफ्टवेअरची नवी फाईल भरण्याआधी काकांनी तिचा ठसा काढायचा. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाईप केली, की फाईल कसली, कितवी आवृत्ती ते दिसायचं आणि खाली चौसष्ट अंक-अक्षरांचा ठसा यायचा. कंपनीकडून बंद पाकिटात आलेल्या कागदाशी तो जुळला, तरच सही. बी, सी, डी कानाला सारखीच लागतात, म्हणून काकांनी बीला बाबा केलं, सीला सासू आणि डीला दादा. अख्खं ऑफिस हसायचं.

पण काकांना कान का लागायचे, ते फक्त मला ठाऊक होतं. त्यांचे डोळे गेले होते. मी आधी कागद वाचायचे, ते चौसष्टच्या चौसष्ट पाठ करायचे. मग मी पडदा वाचायचे आणि ते मनातल्या मनात ताडून बघायचे. दोन वर्षांत एक चूक नाही.

"चौदा महिने राहिलेत निवृत्तीला," म्हणायचे. "तेवढे निभावून ने. घरी बसवलं तर वेडा होईन मी."

नेलंही असतं. पण मी हंगामी होते आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"त्यांना दिसतं का हो?"

मी गप्प बसले. साहेबांना तेवढं पुरलं.

"उद्या कागदावरचं एक अक्षर मी बदलून ठेवतो. पडद्यावर बाबा, कागदावर दादा. तुम्ही दोन्हीकडे बाबाच वाचायचं. मग तुमचं कायम व्हायचं बघू."

मला मेलीला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही, त्याचीच आज लाज वाटते.

"जुळलं," काका म्हणाले आणि मी बोट ठेवलं होतं तिथं सही केली.

साहेब चारचौघांना घेऊनच आले. "कागदावरचं एक्केचाळिसावं अक्षर वाचा बघू."

"बाबा."

"बघून वाचा."

काकांनी कागद नाकाला टेकवला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाबाच."

"दादा आहे तिथं! माणसं मारायचीत का तुम्हाला?"

"एकच अक्षर?" काका पुटपुटले. "बाकीची त्रेसष्ट जुळतात? असं होतच नाही, साहेब. फाईलीत एक टिंब हललं तरी अख्खा ठसा बदलतो. एकच बदलायचं म्हणजे कागदावरच कुणीतरी..."

ते थांबले. माझ्या खुर्चीकडे त्यांनी तोंड वळवलं. मी केव्हाच तिथून उठून बाजूला झाले होते.

"पोरीला काही बोलू नका," ते म्हणाले. "तिनं बरोबरच वाचलं असणार. माझेच डोळे."

सामान आवरायला त्यांना अर्धा तास मिळाला. कुणी जागचं हललं नाही. साहेब उभे होते, म्हणून मीही नाही. डबा पिशवीत घालून काका बाहेर पडले, भिंतीला हात लावला आणि जिना सोडून उलट्या बाजूला, भंगाराच्या खोलीकडे चालू लागले.

"काका, इकडून," एवढंच म्हणायचं होतं. मी पुढची फाईल घेतली.