न घासलेला जबडा

मी एका शार्कचा जबडा बोलतोय. घाबरू नका, मागचं अंग कधीच गेलं. तुमच्या आजोबांच्या काळात मला जाळ्यात ओढलं, तेव्हा समुद्रात आमचा एवढा गोतावळा होता की कुणाला काका म्हणावं नि कुणाला मामा, कळायचं नाही.

माझ्यासोबत थोरल्या भावाचाही जबडा संग्रहालयात आला. भाऊ देखणा. त्याला उकळलं, खरवडलं, व्हार्निश लावून दालनात टांगलं. माझी पाळी आली नि कारागीर सुट्टीवर गेला. मग मी सुकलेल्या मांसासकट कोठीत, मोडक्या खुर्च्यांखाली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग एक संशोधक बाई आल्या. आमची जात आता जेमतेम उरलीय. पूर्वी तिच्यात किती घराणी होती, ते त्यांना जुन्या डीएनएवरून शोधायचं होतं. संग्रहालयाच्या प्रमुखसाहेबांनी मोठ्या थाटात भाऊ दाखवला. बाईंचा चेहरा पडला.

"इतका उकळून घासलाय, यात डीएनए कुठला मिळणार? दुसरा नाही का?"

साहेबांनी नाक मुरडत मला काढलं. बाई हरखल्या. "अहो, याला मांस आहे!"

साहेब ओशाळले. "माफ करा हं मॅडम. तुम्ही चहा घ्या, तोवर उकळून चकाचक करून देतो."

बाईंनी मला घट्ट छातीशी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी जवळ घेतलं, तेही वाळक्या मांसासाठी! पण मला भरून आलं.

आज पोहणाऱ्या शार्कच्या परांचे बारीक तुकडे त्यांनी माझ्याशी आणि ठिकठिकाणच्या माझ्यासारख्या जुन्या जबड्यांशी ताडून पाहिले. पूर्वीची कितीतरी घराणी नाहीशी झालीत, उरलेत ते सगळे एकाच घरचे. "हेही गेले की संपलं," बाई म्हणाल्या. साहेब हळहळले आणि लगेच कामाला लागले. मला भावाशेजारी टांगलं, वर झगझगीत दिवा लावला. 'ही जात वाचवलीच पाहिजे' असं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी एका मासेमाराला माझ्याच खाली बाजूला घेतलं. "हे दोन जुने झाले. शेजारी आजचाही एक हवा. लोकांना फरक कळेल."

"आता मिळत नाहीत हो साहेब. सापडलंच तर एखादं पिल्लू."

"पिल्लू चालेल की! चौकट लहान करू."

माझे दात अजून शाबूत आहेत, पण जबडा तारेने ताणून बांधलाय, मिटता येत नाही. नाहीतर साहेबांचा हात फार लांब नव्हता.

तुम्ही दालनात आलात तर माझं कौतुक नका करू. साहेबांना एवढंच सांगा, शेजारची भिंत रिकामी राहू दे.