घोड्याच्या दातांच्या साइटवरून

थांबा, मला पहिल्यापासून सांगू दे. माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याच्या बरोब्बर समोर तसलंच दुसरं दुकान आहे, सगळं काचेचं. मालकाला आम्ही घरात चकचकीत म्हणतो. सर्चमध्ये 'शिलाई मशीन दुरुस्ती' टाकलं की चकचकीत पहिला, आणि मामा थेट तिसऱ्या पानावर, जिथे कुत्रंही फिरकत नाही.

का, तर चकचकीतने लिंका विकत घेतल्यात. दुसऱ्या साइटवाल्यांनी तुमची लिंक दिली की सर्चला वाटतं, बरी असामी दिसते, आणि ते तुम्हाला वर चढवतं. मी बसून बघितलं, याची शिफारस करतंय कोण. एक मासे पाळणाऱ्यांची साइट, एक टकल्यांची, आणि एक चक्क घोड्याच्या दातांवरची.

मामा हसून हसून लाल झाला. मग म्हणाला, "फोनच येत नाहीत गं. तो नोकरी देतोय. एक तारखेला हो म्हणून टाकतो."

मामा, आणि त्या चकचकीतच्या हाताखाली?

"मामा, आपण पण घेऊ ना लिंका."

"घोडेवाल्यांकडून?"

"मिळतील त्यांच्याकडून."

"मी आयुष्यात घोड्याचं तोंड उघडून बघितलेलं नाही. नको."

आता मामाची खोड सांगते. कुणाचा फोन आला की तो फोनवरच मशीन नीट करून देतो, फुकटात. मामी म्हणते, हा गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला वाटेला लावतो. मी ते सगळं त्याच्याच शब्दांत मामाच्या साइटवर टाकायला लागले. 'खाली दोऱ्याचा गुंता होतोय? बॉबिनला शिव्या देऊ नका. सुईखाली कापड दाबणारी पट्टी वर उचला आणि वरचा दोरा परत ओवा. तरी ऐकत नसेल तर मला फोन करा.' खाली मामाचा नंबर. अशी चाळीस पानं झाली. एका शिवणक्लासच्या बाईंनी आपणहून लिंक दिली आणि आम्ही दुसऱ्या पानावर आलो. एक तारीख चार दिवसांवर.

आणि फोन सुरू झाले ना, थांबेचनात. प्रत्येक जण विचारतो, "काचेच्या दुकानातून बोलताय ना?" मी बघितलं तर चकचकीतच्या साइटवर आमची चाळीसच्या चाळीस पानं, जशीच्या तशी, मामाच्या नंबरासकट.

"मामा, नुसतं हो म्हण," मी म्हटलं.

पण मामा तो मामाच. "नाही ताई, ते दुकान समोरचं. त्यांचा नंबर घ्या." मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात तो पुढे, "बरं, मशीन काय म्हणतंय?" पाच मिनिटांत बाई विचारतात, "तुम्ही नक्की बसता कुठे?" तिसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे मशीनंच.

तरी हा उठला, चकचकीतला सांगायला. मी दारात आडवी उभी. "सांगायलाच पाहिजे का?"

"लोक फसतायत गं. सरक."

परत आला तो ओठ दाबूनच.

"काय म्हणाला?"

"पानं कुणाकडून तरी लिहून घेतलीत म्हणे, एकदम अस्सल. नंबर चुकलाय हे मानेचना. मी म्हटलं, लावून बघा. त्याने लावला, आणि माझा खिसा वाजला."

"मग?"

"मग काय, उचलला. तो समोरच उभा, पण त्याने फोन कानाला धरलेला, म्हणून मीही धरला. म्हटलं, ते नोकरीचं राहू द्या, इकडे कामं फार झालीत."