भेगांना पाणी

चारुताला ‘लोकडोळा’ वाहिनीत बातमीदाराची नोकरी लागली आणि चहा गार व्हायच्या आत तिनं ती लाथाडली. झाली गोष्ट. पण गारखेड्यातल्या तिच्या घरी असं काही घडलेलंच नाही. तिची आई भानुमतीबाई गल्लीभर सांगतात, मुलाखत पुढं ढकललीय. आईचा शब्द आपण कशाला मोडायचा? तेव्हा धरून चालू, की चारुता इस्त्रीचा कुर्ता घालून दारात उभी आहे, मुलाखत व्हायचीय, आणि घरातली पिंपं कोरडी ठणठणीत आहेत.

धरण आटलं होतं. शहर मात्र बायपास ओलांडून चाललं होतं, पाहुण्यानं दुसऱ्याच्या सतरंजीवर पाय पसरावेत तसं. नळानं कधीच मान टाकलेली. गल्लीची भिस्त टँकरवर, आणि टँकरवाला सांडू सोमवारपासून फोनवर एकच पाढा म्हणत होता: गाडी बिघडली.

"पगार मिळेल तिथं चिकट," वर्गमित्र मंदार म्हणाला होता. "कंपनीची नियत बघत बसलीस तर म्हातारी होशील."

चारुतानं तरी बघितलीच. एका पेपरात बातमीदारालाच पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा कराव्या लागत. एक वाहिनी केस उगवायचं तेल बातमी म्हणून दाखवी. उरली लोकडोळा. रोज संध्याकाळी त्यांचा माणूस भेगाळलेल्या रानात उभा राहून सरकारला जाब विचारायचा. ते बघून चारुताच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरात तेवढंच यायचं.

संपादक विश्वजीत सरांनी तिला ऑफिसमागच्या प्लॉटवर नेलं. "कॅमेऱ्यापुढं बोलून दाखवा."

समोर तेच रान! चारी बाजूंनी कंपाउंड. टीव्हीवर दिसणारी ती फांदीसारखी भेगसुद्धा जागेवर होती. पलीकडच्या कोपऱ्यात टँकर उभा, आणि पाइप धरून सांडू जमिनीला पाणी पाजत होता.

"सर, हे काय?"

"भेगा जुन्या झाल्या की कडा ढासळतात. माती भिजवायची, उन्हात तापू द्यायची. फक्कड भेगा पडतात."

"दुष्काळ दाखवायला टँकर?"

"पाण्याशिवाय दुष्काळ उठून दिसत नाही, मॅडम."

"खऱ्या गावात भेगा नाहीत का?"

"आहेत की! पण तिथली माणसं मधे मधे बोलतात."

चारुता तरातरा सांडूकडं गेली. "सांडूभाऊ, गाडी बिघडली होती ना?"

"व्हय ताई," सांडू पाइपाकडं बघत म्हणाला. "इकडंच वळती. गारखेड्याकडं वळंनाच."

"आमच्या गल्लीचं पाणी आहे हे! लाज नाही वाटत?"

"लाज लई वाटती ताई. पण गाडी मालकाची हाय."

चारुताचं डोकं फिरलं. कॅमेरा चालूच होता. भेगांवर उभं राहून तिनं वाहिनी, संपादक, टँकरमालक, सगळ्यांची सालटी काढली. "हे रान खोटं आहे! हा माणूस चोर आहे!" म्हणत विश्वजीत सरांकडं बोट रोखलं.

विश्वजीत सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! असा राग शोधून सापडत नाही. नावं तेवढी बदलू. निवड पक्की, उद्यापासून या. अरे, चहा आणा!"

चहा आला. चारुतानं कपात बघितलं. हेही आपलंच पाणी असणार.

"राग माझ्या घरचा आहे," ती कप ठेवत म्हणाली. "पाणी नेलंत तेवढं पुरे."

घरी भानुमतीबाई कडाडल्या. "हातची नोकरी सोडलीस? नीती काय पिंपात भरून ठेवायचीय?" मग पाण्याचं कळलं, तसा त्यांनी रिकामा हंडा दाणकन आपटला. "मेल्यांनी मातीला पाजलं? नोकरीचं मी गल्लीत बघून घेते. तू अर्ज लिही. आत्ता!"

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका.

विषय : भेगांनी प्यालेले पाणी परत मिळणेबाबत.

महोदय,
आमच्या गल्लीच्या वाट्याचा टँकर एका खासगी दुष्काळास पाजण्यात आला आहे. तरी सदर भेगांचा पंचनामा करून, मुरलेले पाणी उपसून, गाळून, आमच्या पिंपांत भरून देण्यात यावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास आम्हा सर्व रहिवाशांची नोंद ‘भेगा’ म्हणून करण्यात यावी, जेणेकरून पाणीपुरवठा नियमित होईल, ही नम्र विनंती.