तीननं भागलेली गाडी

सिंगापुरात गाडी केवढ्याला पडली, असं शहाणा माणूस विचारत नाही. वर्षाला किती झिजते, ते विचारतो. गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा. तो संपला की पुन्हा ढीगभर पैसे मोजा, नाहीतर गाडी भंगारात घाला, मग ती देवानं स्वतःच्या हातानं घडवलेली का असेना! म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागायचं आणि येईल तो घसारा समोरच्याच्या तोंडावर फेकायचा, ही इथल्या लोकांची जन्मखोड. लग्नात तेच, मयतीत तेच. ख्यालीखुशाली मागून.

फुआ बून हियांगचीही तीच खोड. वय चौसष्ट, माशांच्या गोळ्यांचा कारखाना नुकताच विकलेला, आणि डोक्यात एकच खूळ: सुपरकार. पिवळी, इटालियन, दोनच माणसं बसतील अशी.

घरात खल सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "नवीच घे हिया, थोरल्या भावाला नवीच शोभते. दुसऱ्याच्या बुडाखालची गाडी घेऊन त्याची साडेसाती कशाला घरात आणतोस?" नवी गाडी चौदा लाख डॉलर, आणि आज नोंदवली तर दीड वर्षानं हातात.

बायकोचं म्हणणं वेगळंच. बायको म्हणजे ग्वेक एंग, कारखान्याच्या वह्या पस्तीस वर्षं लिहिणारी बाई. तिच्या नजरेतून सेंट सुटत नसे. "नवी घेणारा शोरूमच्या दारातच बुडतो," ती म्हणाली. "जुनीच घे, पण आत्ता नको. दीड वर्ष थांब. नवं मॉडेल येतंय. मग हीच जुनी धपकन खाली येईल."

हिशेब चोख होता. पण बून हियांगला थांबायचं नव्हतं, आणि का ते सांगायचंही नव्हतं. महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. औषधाचे थेंब नियमानं घातले तरी गाडी चालवायला तीनेक वर्षं, त्यापुढची आशा धरू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. थेंबाची बाटली तो मोज्यांच्या खणात लपवत होता. ज्या बाईनं निम्मं आयुष्य त्याच्या शेजारी मासळीच्या ट्रकमध्ये काढलं, बर्फाचं पाणी पायांवर गळत असताना एकदाही तोंड वाकडं केलं नाही, तिला हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

शनिवारी दोघं जुन्या गाड्यांच्या दुकानात गेली. तिथली शार्मेन चटपटीत पोरगी. "या अंकल, या आंटी! बसून तर बघा."

गाडी चार वर्षं चाललेली, परवान्याची सहा शिल्लक. किंमत सात लाख वीस हजार.

"पहिल्या मालकाला केवढ्याला पडली होती?" ग्वेक एंगनं विचारलं.

"तेरा लाखांना, आंटी."

"अरे देवा! चार वर्षांत जवळजवळ सहा लाख गिळले या बयेनं. जेवायला काय मोती देत होते का हिला?"

शार्मेन हसली. "तो घाव त्यांनी सोसला आंटी, म्हणून तर तुम्हाला स्वस्तात!"

"दीड वर्षानं आणखी स्वस्त. चल म्हाताऱ्या, नूडल्स खाऊ आणि घरी जाऊ."

बून हियांग हलला नाही. जाहिरातीच्या कागदामागे त्यानं आकडेमोड केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "हे बघ. परवडतंय."

ग्वेक एंगनं कागद पाहिला. लिहिलं होतं, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. तिनं पुन्हा पाहिलं.

"सात लाख वीसला सहानं भागलं की एक लाख वीस येतात," ती सावकाश म्हणाली. "हे दुप्पट कुठून आणलंस?"

"चुकलं असेल."

"तुझं? पाच टोपल्यांत गोळे किती ते न मोजता सांगणारा माणूस तू. तू तीननं भागलंयस."

त्यानं कागद ओढून घेतला आणि उलटा ठेवला.

"गाडीची सहा वर्षं आहेत. मग तीन कोणाची?"

शार्मेनला कसलीतरी कागदपत्रं आणायची एकदम आठवण झाली. ती आत निघून गेली.

मग त्यानं सांगितलं. खाली मान घालून, सगळं, मोज्यांच्या खणासकट.

ग्वेक एंग चिडली. अशी चिडली की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक एका गाडीआड गेलं. "महिनाभर! महिनाभर माझ्यापासून लपवलंस? मेल्या, मासळी नासली तर दहा मिनिटांत सांगायचास, आणि डोळे नासले ते मी हिशेबावरून ओळखायचं?" तिनं त्याचा हात घट्ट धरला. "चालताना कुठे धडकला असतास तर? नशीब माझं, वेळेत कळलं. लाख उपकार झाले त्या भागाकाराचे."

"तुला त्या ट्रकमध्ये बसवलं गं," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं. एकदा तरी चांगल्या गाडीत बसवायचं होतं. माझे डोळे आहेत तोवर. तू होतीस म्हणून सगळं झालं, नाहीतर मी काय, गोळे वळत राहिलो असतो."

"आणि तीन वर्षांनी विकली की पैसे परत येतील, ते का नाही धरलेस?"

"तेव्हा ती विकायला माझा जीव होणार नाही."

"माझा होईल," तिनं डोळे पुसले आणि आत हाक मारली. "शार्मेन! ये बाहेर. हीच घेतो, आजच. पण सात लाखांच्या वर एक सेंट मिळणार नाही, आणि चारही टायर नवे हवेत."

सात लाख पाच हजारांवर सौदा ठरला. टायर मिळाले.

आठवड्यानं गाडी हाती आली. ग्वेक एंग आत शिरताना एवढी वाकली की तिनं साऱ्या इटलीचा उद्धार केला. पण बसल्यावर तिनं पाय लांब केले, कोरडे पाय. समुद्राकडच्या रस्त्यानं बून हियांग तासाला पन्नासच्या वर गेला नाही. मागून बस हॉर्न वाजवत होती.

लाल दिवा लागला. काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं. शेजारी बसलेली बायको डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायची, ती आता दिसत नव्हती. म्हणून त्यानं मान पूर्ण वळवली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस? रस्त्याकडे बघ!"

"रस्ते खूप बघितले," तो म्हणाला.

दिवा हिरवा झाला तेव्हा तिनंच त्याची हनुवटी धरून तोंड समोर वळवलं.