कन्फेशन बॉक्समधला टेक

फादरनी रेकॉर्डिस्टच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतले आणि स्वतःच्या झग्याच्या खिशात कोंबायला सुरुवात केली. खिशात ते मावणार नाहीत हे दोघांनाही दिसत होतं. तरी फादर बराच वेळ प्रयत्न करत राहिले.

"काय काय ऐकलंस?"

"सूर ऐकला," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "स्टेजवर होतात तेव्हाही असा लागला नव्हता."

"आणि त्यानंतरचं?"

"त्यानंतर मी डोळे पुसत होतो."

डोळे पुसताना कान बंद होत नाहीत, हे फादरना माहीत होतं. पण जो माणूस आपल्या गाण्यानं रडलो म्हणतोय, त्याची उलटतपासणी घेणं त्यांच्यातल्या जुन्या गायकाला जमेना. त्यांनी हेडफोन हातातच धरले.

वेदीमागच्या खोलीत टेबलावर यंत्र मांडलेलं होतं आणि तिथून एक काळी वायर दाराखालून, बाकांच्या कडेनं थेट कन्फेशन बॉक्सपर्यंत गेली होती. ही अक्कल रेकॉर्डिस्टची. चर्चमध्ये आवाज इतका घुमायचा की एक माणूस शिंकला तर सगळं कुटुंब शिंकल्यासारखं वाटे. कन्फेशन बॉक्स मात्र जुन्या लाकडाचा, आतून जाड मखमलीचा. तिथं आवाज कोरडा आणि स्वच्छ मिळायचा. फादर एकेकाळचे नावाजलेले टेनर, ऑपेरातल्या वरच्या पट्टीचे मालक. स्टेज सोडून झगा घातला तेव्हा बिशपनी गाणी रेकॉर्ड करायला परवानगी दिली होती. अट एवढीच, की गाणी फार गोड नसावीत. तेव्हापासून ते त्या पेटीत गुडघे दुमडून गात आले होते आणि प्रत्येक अल्बमवर 'एका प्राचीन चर्चमध्ये ध्वनिमुद्रित' असं छापून येत होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, बोलता येईल. गाता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर पुन्हा म्हणाले होते, बोलता येईल.

म्हणून आज शेवटचं गाणं उरकायचं होतं. त्यातला सगळ्यात वरचा सूर सकाळपासून हुलकावणी देत होता आणि मग, काही कारण नसताना, तो लागला. नुसता लागला नाही, लागून राहिला.

नेमक्या त्याच वेळी बाजूच्या दारानं एक म्हातारी आत आली. 'रेकॉर्डिंग चालू आहे' ही पाटी मोठ्या दाराला लावली होती. बाजूच्या दारालाही पाटी लागते, हे रेकॉर्डिस्टच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हातारीला ऐकू कमी यायचं. पडद्याखाली फादरचे बूट दिसले, एवढं तिला पुरे होतं. ती जाळीपलीकडं गुडघ्यांवर बसली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्यानं, पाप सांगू लागली.

फादरनी पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला. दर शुक्रवारी येणारी, रेकॉर्डिस्टची आई. तिचं पाप दर वेळी एकच असायचं आणि त्यात तिचा मुलगा असायचा. काय पाप, ते सांगता येत नाही; कन्फेशनमधलं फादरशिवाय कुणी ऐकायचं नसतं आणि फादरनी कुणाला सांगायचं नसतं.

सूर सोडून जाळीवर टिचकी मारायला क्षणही लागला नसता. फादरनी सूर सोडला नाही. श्वास पुरला तोवर धरून ठेवला, आणि तो संपला तेव्हा तिचंही सांगून झालं होतं. त्यांनी तिला क्षमा दिली, नेहमीचं प्रायश्चित्त दिलं. उठताना ती म्हणाली, आज तुमचा घसा बसल्यासारखा वाटतोय, जपा.

"दोन आवाज एकमेकांत गेलेत," रेकॉर्डिस्ट आता यंत्राच्या पडद्यावरच्या रेघांकडं बघत म्हणाला. "वेगळे करता येतील."

"न ऐकता?"

"न ऐकता कसे करणार?"

"मग पूस."

रेकॉर्डिस्टनं बरीच बाजू लढवली. बाहेर देणार नाही म्हणाला. वाटल्यास शपथ घेतो म्हणाला, पण शपथ कुणाची घ्यायची यावर अडला, कारण तो चर्चमध्ये फक्त वायर टाकायला येत असे. शेवटी म्हणाला, कानात कापूस घालून नुसतं बघून कापतो. फादरनी यावर खरोखरच विचार केला, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

"एकदा पुन्हा गाऊन बघा," तो म्हणाला. "लागला तर हा आनंदानं पुसू."

फादर पेटीत जाऊन बसले. आवाज चढत गेला आणि त्या सुराच्या जरा खालीच फाटला. दुसऱ्या वेळी त्याच्याही खाली. तिसऱ्या वेळी नुसती हवा आली. ते बाहेर आले आणि थेट यंत्रापाशी गेले.

"पूस."

"माझ्या हातानं नाही होणार, फादर."

मग रेकॉर्डिस्ट भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि तिथूनच सांगू लागला. डावीकडची फाइल. तिच्यावर बोट. आता खालचं बटण. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं? फादरनी होय केलं. यंत्रानं पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही, नक्की? स्टेज सोडताना बिशपनी हा प्रश्न एकदाच विचारला होता. फादरनी दुसऱ्यांदाही होय केलं. पडद्यावरच्या रेघा गेल्या आणि तिथं एक स्वच्छ, रिकामी पट्टी राहिली.

"झालं?" भिंतीकडूनच प्रश्न आला.

"झालं."

रेकॉर्डिस्टनं वायर गुंडाळली. यंत्र खोक्यात घातलं, खोकं उचललं, आणि ऑपरेशनच्या दिवशी येतो म्हणून तो निघाला. त्याची पावलं बाहेर वाजेपर्यंत फादर खुर्चीत बसून होते. मग त्यांच्या लक्षात आलं की, इतक्या वादावादीत त्यानं एक गोष्ट विचारलीच नव्हती. कोण आलं होतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

हेडफोन अजून त्यांच्याच हातात होते. ते द्यायला म्हणून फादर बाजूच्या दाराशी आले. रेकॉर्डिस्ट पायरीवर खोकं ठेवून फोनवर बोलत होता.

"आई, मी बोलतोय. मी गं. नाही, कुणाला काही झालं नाही. सहज केला."

पलीकडून बहुधा ऐकू आलं नाही. त्यानं आवाज चढवला.

"सहज! आता रोज करत जाईन म्हणतो. रोज! अगं, रोज!"

शब्द दारातून आत शिरला आणि रिकाम्या चर्चमध्ये सुरासारखा धरून राहिला. रस्त्यानं जाणारी दोन माणसं वळून बघत होती. आता रस्त्यालाच कळलं म्हटल्यावर लपवण्यात अर्थ नाही: तिचं पाप एवढंच, शेजारणींना ती खोटं सांगायची. मुलाचा फोन येतो. रोज.

यावर फादरना एक अक्षर बोलता येणार नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. ते हेडफोन हातात धरून दाराआड थांबले. फोन संपला की द्यायचे होते. फोन संपत नव्हता.