रस्त्याकडे तोंड

वडवणी मागे पडली तसं बजरंगने ते वाक्य पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. साहेब, पुढच्या गावात आपण ज्यांच्याकडं चाललोय ना, ती माझी थोरली बहीण हाय. एवढंच. त्यात अवघड काही नव्हतं. पण सकाळी केज सोडल्यापासून साहेब फोनवर होते, आणि फोन खाली ठेवला की डोळे मिटून घेत होते. डोळे मिटलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, हे बजरंगला ड्रायव्हर म्हणून इतक्या वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं.

साहेबांचा, म्हणजे सुंदररावांचा, आजचा दिवस भेटींचा होता. निवडणुकीच्या धामधुमीत ज्यांच्या घरी जाणं राहून गेलं होतं, अशा दुःखाच्या घरांना एकेक करून जायचं. गावं त्यांचा पीए तानाजी याने ठरवली होती. तो पुढे बजरंगच्या शेजारी बसून पुढच्या गावातल्या कार्यकर्त्यांना फोन लावत होता. अर्जुनराव हे नाव त्याने काल संध्याकाळी यादीतून वाचलं, तेव्हा बजरंग काच पुसत होता. त्याचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

अर्जुनराव म्हणजे त्याचे दाजी. ते गेले तेव्हा बजरंग साहेबांना घेऊन मुंबईला होता. मातीला पोचला नाही, सावडायलाही नाही. बायको एकटी एसटीने जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "आक्का कुणावर रागावली न्हाई. फक्त दाराकडं बघत होती."

आता त्याच्या सीटखाली फडक्यात बांधलेला डबा होता. बायकोने पहाटे उठून भाकरी आणि बेसन करून दिलं होतं. दुःखाच्या घरी माहेरची भाकरी न्यायची आणि भावाने स्वतःच्या हाताने बहिणीला घास भरवायचा, अशी त्यांच्याकडची रीत. आईबाप केव्हाच गेले होते. आक्काला, म्हणजे छबुबाईला, माहेर म्हणून उरला होता तो हा एकटा.

"दहा मिनिटं मिळाली तरी बास," असं तो निघताना बायकोला म्हणाला होता.

"आन् तुमी आधी गाडी लावत बसताल," ती म्हणाली होती.

ती चेष्टेत बोलली, पण खोटं नव्हतं. बजरंगचं गाडी उलटी लावणं सगळ्या ड्रायव्हरांत ठाऊक होतं. विश्रामगृहाच्या आवारात गप्पा निघाल्या की जो तो आपलं कारण सांगे. कुणी म्हणे, निघताना समोरचं दिसतं, पोरंसोरं चाकाखाली येत नाहीत. कुणी म्हणे, आपली अक्कल येतानाच दाखवावी, जाताना घाई असते. बजरंगला सांगावं लागत नसे. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मागे एका गावात पीकविम्यावरून पोरं चिडली होती. गाडी सरळ बोळात घातलेली, पुढे भिंत, मागे गर्दी. बॉनेटवर थापा पडत होत्या आणि बजरंग मान मोडेपर्यंत मागे बघत, इंच इंच करत गाडी बाहेर काढत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर साहेब एकच वाक्य बोलले होते, "इथून पुढं कुठंबी जाऊ, गाडीचं तोंड रस्त्याकडं पायजे."

तेव्हापासून तो घरची मोटारसायकलसुद्धा तशीच लावत असे. बायको हसायची. "घरात तर आलाव. आता कुठं पळायचंय?"

गाव आलं. बोळाच्या तोंडाशी पांढऱ्या टोप्या उभ्या होत्या. बजरंगने गाडी रस्त्यावरच थांबवली. साहेब उतरले, चेहरा नीट केला आणि हात जोडून लोकांबरोबर बोळात शिरले. आक्काचं घर बोळाच्या टोकाला, अंगणात लिंबाचं झाड. पळत गेलं तर दोन श्वासांत पोचावं एवढंच अंतर. बजरंगने सीटखाली हात घालून डबा चाचपला.

"गाडी आत अंगणापर्यंत घे," तानाजी उतरता उतरता म्हणाला. "साहेबांचा गुडघा दुखायलाय. आन् उलटी लाव, पुढं आजून दोन गावं हायेत."

लिंबाच्या सावलीतून अंगद आला. तो आक्काचा शेजारी.

"पावणं, तुमी कावून बसलाव गाडीत? आत जा की."

"लावतो आन् येतो."

"ऱ्हाऊ द्या हितंच. कोण उचलून नेतंय? किल्ली माज्याकडं द्या, आमचा पोरगा सत्यम लावंल."

"न्हाई, जड गाडी हाय. आलोच."

मागे उभा असलेला एक म्हातारा खाकरून म्हणाला, "मातीला सवड न्हाई मिळाली. आता साहेबाला घिऊन आलेत, लई केलं."

कुणी हसलं नाही.  किल्ली काढून द्यावी असं बजरंगला क्षणभर वाटलं. पण हात सवयीचा होता. त्याने गाडी पुढे नेली, वळवली, आणि मागचा गिअर टाकला.

समोरच्या छोट्या पडद्यावर मागच्या कॅमेऱ्यातला बोळ उमटला. टीं टीं आवाज सुरू झाला. डाव्या बाजूला गुरांचा हौद, उजवीकडे कुणाची तरी आडवी लावलेली मोटारसायकल. "कुणाची हाय बे ही?" अंगद ओरडला. मालक आत साहेबांसोबत बसला होता. दोघातिघांनी ती उचलून कडेला घेतली. पुन्हा टीं टीं. बजरंगने आरसा पाहिला, पडदा पाहिला, चाक किंचित फिरवलं. भिंतीला ओरखडा न काढता एवढी मोठी गाडी त्या बोळातून मागे नेणं सोपं नव्हतं, आणि तेवढा वेळ तो दुसरं काही आठवू शकत नव्हता. खरं तर त्यात त्याला थोडं बरंही वाटत होतं. आत गेल्यावर काय बोलायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं.

अंगण आलं. पडद्यावर लिंबाचा बुंधा दिसला, चपलांचा ढीग दिसला, आणि मग दार.

दारात आक्का होती.

दुखवट्यातल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून ती आतल्या बाजूलाच, चौकटीला धरून उभी होती. कपाळ मोकळं. पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी धरलेला. मागे किती जागा आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा तिच्या अंगावरून गेल्या होत्या आणि ती थेट त्याच्याकडे बघत होती. म्हणजे गाडीच्या पाठीकडे बघत होती. गाडी मागे सरकत गेली तशी ती मोठी होत गेली. तिचे ओठ हलले. काचेतून काही ऐकू आलं नाही.

त्याने गिअर काढला. पडदा काळा झाला.

डबा घेऊन त्याने दार उघडलं, तेवढ्यात साहेबच बाहेर आले. मागोमाग सगळे. अंगण माणसांनी भरलं. गर्दीपलीकडे चौकट दिसत होती, पण आता तिच्यात दुसरीच बाई उभी होती.

"आरं बजरंग," साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजी बहीण हाय म्हणं. मला आत कळालं. सांगायचं न्हाई का येड्या?"

"साहेब, ते..."

"साहेब," तानाजी म्हणाला, "शिरूरवाले थांबलेत. तिसरा फोन आला."

"एक दिवस सुट्टी घे की रे. नीट येऊन जा," साहेब म्हणाले आणि मनापासून म्हणाले. मग गाडीत बसले आणि गुडघा चोळू लागले. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. निघायला काहीच अडचण नव्हती.

बजरंग जागेवर बसला. खिडकीशी आक्काची लेक संस्कृती आली. बारावीतली पोर, डोळे सुजलेले.

"मामा, तुमी येत न्हाई का आत?"

त्याने डबा तिच्या हातात दिला. "आईला भरव. मामीनं दिलंय."

"घास तुमच्याच हातचा लागतो म्हणती ती." संस्कृतीने डबा छातीशी धरला. "गाडी दिसली तवा आई कोपऱ्यातून उठली. बजरंग आला म्हणली. मग म्हणली, गाडी फिरवायलाय, न्हाई थांबायचा."

"काय म्हणत होती ती? दारात, आत्ता?"

"काय न्हाई. मागं हौद हाय, जपून घे, असं म्हणत होती."

तानाजीने डॅशबोर्डवर बोटं वाजवली. बजरंगने गाडी सोडली. आरशात लिंबाचं झाड लहान होत गेलं आणि वळणावर नाहीसं झालं. रस्ताभर साहेब दाजींबद्दल विचारत राहिले, कसे होते, शेती किती, पोरगी काय शिकते. बजरंग उत्तरं देत राहिला. आता त्याला बोलता येत होतं.

पुढच्या गावातही तसाच बोळ होता. साहेब उतरून गेले. बजरंगने गाडी वळवून मागचा गिअर टाकला. टीं टीं. पडद्यावर परक्या घराचं अंगण आलं, परक्या चपला, परकं दार. दारात कुणीतरी बाई होती. चेहरा नीट दिसत नव्हता.

रेघा हिरव्याच होत्या, तरी त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

"घे की मागं," बाहेरून तानाजी म्हणाला. "लई जागा हाय आजून."